उचलून नेलेले वाहन : ताबा आणि जबाबदारी

वाढत्या नागरी वस्तीबरोबर रस्त्यावरील वाहनांची संख्या वाढली, परंतु रस्त्यांची रुंदी त्या प्रमाणात वाढू शकली नाही. बाजारपेठेच्या तोंडाशी, रुग्णालयाच्या फाटकासमोर किंवा बसस्थानकाच्या वळणावर उभी केलेली एखादी मोटार शेकडो लोकांचा खोळंबा करू शकते. अशी मोटार हलविण्याचा अधिकार शासनाच्या यंत्रणेला असणे आवश्यक आहे, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. तथापि, वाहन हलविण्याचा अधिकार वापरला गेला की त्याच क्षणी एक कर्तव्यही सुरू होते. ते म्हणजे, ते वाहन मालकाच्या हाती परत जाईपर्यंत नीट सांभाळण्याचे. अधिकाराची चर्चा नेहमी होते. कर्तव्याची चर्चा मात्र वाहन परत घेताना त्यावर पोचा किंवा चरा दिसला म्हणजेच होते. या कर्तव्याचे स्वरूप काय, त्याला कायद्याचा आधार कोणता आणि ते पार पाडल्याचा पुरावा कसा ठेवावा, हे अधिकाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पंचायत सदस्यांनी समजून घेण्यासारखे आहे.

वाहन हलविण्याचा अधिकार

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२७ मध्ये हा अधिकार दिलेला आहे. सार्वजनिक जागी १० तास किंवा त्याहून अधिक काळ बेवारस सोडलेले किंवा लक्ष न देता उभे ठेवलेले वाहन, तसेच जेथे वाहन उभे करण्यास कायद्याने मनाई आहे अशा जागी उभे केलेले वाहन हलविण्यास, त्या हद्दीचा अधिकार असलेला गणवेषातील पोलीस अधिकारी परवानगी देऊ शकतो. चाकाला कुलूपबंद जॅमर लावण्याची तरतूदही त्यातच आहे. मोडलेले, जळालेले किंवा सुटे भाग काढून नेलेले वाहन रहदारीस धोका निर्माण करीत असेल, तर ते तत्काळ हलविता येते. वाहन अशा रीतीने हलविले गेल्यास ओढून नेण्याचा खर्च मालकाने सोसावयाचा असतो आणि दंड असेल तर तो वेगळा.

यातील दोन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली ही की, निर्णय पोलीस अधिकाऱ्याचा असतो. टोइंगची गाडी चालविणाऱ्याचा किंवा त्यावरील मजुरांचा नसतो. अनेक शहरांत ही गाडी खाजगी कंत्राटदाराची असते, म्हणून हा भेद महत्त्वाचा ठरतो. दुसरी गोष्ट अशी की, कलमाने खर्चाचा भार मालकावर टाकला आहे, नुकसानीचा नव्हे. नियम मोडणाऱ्या मालकाला दंड होतो, ओढणावळ भरावी लागते. येथे त्याची शिक्षा संपते. त्याच्या मोटारीचा बंपर तुटणे हा कोणत्याही कायद्याने सांगितलेल्या शिक्षेचा भाग नाही.

वाहनाला इजा कशी होते

नुकसान पुष्कळदा हेतुपुरस्सर केलेले नसते. ते घाईतून आणि यंत्राविषयीच्या अपुऱ्या माहितीतून घडते. म्हणून वाहन ओढण्याच्या प्रक्रियेची थोडी माहिती असणे अगत्याचे आहे.

आपल्याकडील बहुतेक लहान मोटारींच्या इंजिनाची शक्ती पुढच्या चाकांना जाते आणि हातब्रेक मागच्या चाकांवर काम करतो. अशी मोटार पुढून उचलली तर गती देणारी चाके अधांतरी राहतात, हे योग्यच. परंतु मालकाने हातब्रेक लावून दारे बंद केलेली असतात. मागची चाके फिरत नाहीत, ती रस्त्यावर घासत जातात. टायर एकाच जागी झिजून सपाट होतात आणि ब्रेकच्या भागांवर ताण पडतो. तीच मोटार मागून उचलली, तर गिअरमध्ये अडकलेली पुढची चाके जबरदस्तीने फिरविली जातात आणि स्टिअरिंगला कुलूप असल्यास ती सरळही राहत नाहीत.

स्वयंचलित गिअरच्या मोटारीत धोका अधिक असतो. अशा गिअरबॉक्समध्ये तेल खेळविणारा पंप सर्वसाधारणपणे इंजिनावर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतील भाग तेलावाचून एकमेकांवर घासतात आणि तापतात. चारही चाकांना गती देणारी वाहने आणि विजेवर चालणारी वाहने यांच्या बाबतीत चारही चाके जमिनीवरून उचलावीत, म्हणजे वाहन सपाट पाटीच्या गाडीवर चढवूनच न्यावे, अशी सूचना उत्पादकांच्या माहितीपुस्तकात सामान्यतः दिलेली असते. ज्या ठाण्यात अशी सपाट पाटीची गाडी नाही, तेथे अडखळलेली चाके छोट्या चाकांच्या ट्रॉलीवर ठेवून काम भागविता येते.

साखळी किंवा आकडा कोठे अडकवावयाचा, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे. आजच्या मोटारींचे बंपर प्लास्टिकचे असतात. त्यांवर ओढ पडली की ते फाटतात किंवा खिळणीतून निसटतात. चाकांना जोडलेल्या दांड्यांना आकडा लावला तर दांडी वाकते. ओढण्यासाठी दिलेली कडी वापरणे किंवा पट्ट्यांनी चाकेच बांधणे ही सुरक्षित रीत होय.

दुचाकी वाहनांची तऱ्हा निराळी. ती हातांनी उचलून टेम्पोत एकमेकांना खेटून उभी केली जातात. वळण घेताना एक कलंडली की शेजारच्या गाडीचा आरसा, दिशादर्शक दिवा किंवा ब्रेकचा दांडा मोडतो. टाकीवरील पोचा बहुधा शेजारच्या गाडीच्या मुठीचा असतो.

या सर्वांत कठीण बाब म्हणजे न दिसणारे नुकसान. पोचा आणि चरा ताबडतोब दिसतो. परंतु वाकलेली दांडी किंवा गळू लागलेले तेल काही दिवसांनंतर लक्षात येते. टायर एका अंगाने झिजू लागतो, मोटार एका बाजूला ओढते, गिअरमधून आवाज येतो. तोपर्यंत मालक अनेक मैल फिरलेला असतो आणि हे नुकसान केव्हा झाले, याचा मेळ बसेनासा होतो.

वादाचे मूळ

एक उदाहरण घेऊ. समजा, तालुक्याच्या गावातील एक शिक्षक जिल्हा परिषदेच्या कामासाठी शहरात आले आणि त्यांनी घाईत मनाई असलेल्या जागी मोटार उभी केली. तासाभराने ते परतले तेव्हा मोटार जागेवर नव्हती. त्यांनी चौकशी केली, दंड व ओढणावळ भरली आणि मोटार ताब्यात घेतली. संध्याकाळी घरी पोचल्यावर पुढच्या बाजूला तुटलेला बंपर त्यांच्या दृष्टीस पडला. दुसऱ्या दिवशी ते तक्रार घेऊन गेले. ठाण्यातील अधिकारी म्हणाले, "गाडी आली तेव्हा ती तशीच होती." कंत्राटदारानेही तेच सांगितले. शिक्षकांपाशी आदल्या दिवशीचे छायाचित्र नव्हते. ठाण्यापाशी मोटार उचलण्यापूर्वीची नोंद नव्हती.

येथे कोण खरे बोलतो, हे कोणीही ठरवू शकत नाही. कदाचित अधिकारी पूर्णपणे प्रामाणिक असतील आणि बंपर त्यापूर्वीच कोणाच्या तरी धक्क्याने तुटला असेल. कदाचित शिक्षकांचे म्हणणे अक्षरशः खरे असेल. नोंदीच्या अभावी दोघांचीही प्रतिष्ठा पणाला लागते आणि शासकीय यंत्रणेविषयी एका नागरिकाच्या मनात कायमची अढी बसते. बंपर बदलण्याचा खर्च काही हजार रुपयांचा असेल, पण या अढीची किंमत त्याहून मोठी आहे.

कोंडवाड्याचा जुना धडा

दुसऱ्याची वस्तू कायद्याने ताब्यात घेणे आणि ती सांभाळून परत करणे, ही गोष्ट आपल्या ग्रामीण जीवनाला नवी नाही. गावचा कोंडवाडा हे त्याचे जुने उदाहरण होय. गुरांच्या अतिक्रमणाबाबतच्या १८७१ च्या अधिनियमाने कोंडवाड्याच्या रखवालदारासाठी साधी आणि चोख पद्धत घालून दिली होती. गुरे आली की त्यांची संख्या व वर्णन, ती आल्याचा दिवस व वेळ, ती आणणाऱ्याचे नाव आणि माहीत असल्यास मालकाचे नाव नोंदवहीत लिहावयाचे. त्या नोंदीची नक्कल आणणाऱ्यास द्यावयाची. आणि गुरे मालकाच्या ताब्यात जाईपर्यंत त्यांना चारा-पाणी द्यावयाचे.

पिकात शिरलेल्या बैलाने नुकसान केलेले असले, तरी कोंडवाड्यात त्याला उपाशी ठेवण्याचा अधिकार कोणाला नव्हता. मालकाने दंड भरावयाचा, रखवालदाराने बैल राखावयाचा, अशी ही स्पष्ट विभागणी होती. मोटारीला चारा-पाणी लागत नाही. परंतु वर्णन, वेळ, नक्कल आणि राखण या चार गोष्टी तिलाही तितक्याच लागू पडतात.

कायद्यातील ‘निक्षेप’

भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये या संबंधाला ‘निक्षेप’ असे स्थान आहे. एखादी वस्तू काही कामासाठी दुसऱ्याच्या हाती दिली आणि काम झाल्यावर ती परत करावयाची असली, म्हणजे निक्षेप होतो. कलम १५१ प्रमाणे, सर्वसाधारण शहाणा माणूस तशाच आकाराच्या, प्रतीच्या व किमतीच्या स्वतःच्या वस्तूची जेवढी काळजी घेईल तेवढी काळजी सांभाळकर्त्याने घेतली पाहिजे. कलम १५२ ची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. तेवढी काळजी घेऊनही वस्तूचे नुकसान झाले, तर विशेष करार नसताना सांभाळकर्ता जबाबदार राहत नाही. म्हणजे कायदा अशक्य गोष्ट मागत नाही. तो फक्त काळजी मागतो आणि ती घेतल्याचे दाखवून देण्यास सांगतो.

स्वतः बोलावलेल्या क्रेनने मोटार गॅरेजात नेली, तर हे सरळ लागू पडते. परंतु पोलिसांनी उचललेल्या मोटारीच्या बाबतीत करार कोठे झाला, असा प्रश्न सहज उद्भवतो. त्याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ च्या एका निर्णयात मिळते. जुनागढ संस्थानात १९४७ मध्ये जकात अधिकाऱ्यांनी एका व्यापाऱ्याची वाहने जप्त केली होती. त्याने अपील केले आणि वाहने परत करण्याचा आदेश मिळविला. मध्यंतरी संस्थान सौराष्ट्रात, सौराष्ट्र १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये गुजरातेत समाविष्ट झाले होते. वाहनांची मात्र कोणी देखभाल केली नव्हती. त्यांचे सुटे भाग नाहीसे झाले आणि अपील प्रलंबित असतानाच उरलेले सांगाडे बेवारस माल म्हणून लिलावात विकले गेले. न्यायालयाने असा निर्वाळा दिला की, निक्षेपासाठी करार असलाच पाहिजे असे नाही. वस्तू परत करण्याचा प्रसंग येऊ शकतो हे ठाऊक असताना ती ताब्यात ठेवणारे शासन सांभाळकर्त्याच्याच जागी असते, आणि वस्तू मूळ स्थितीत परत करता यावी यासाठी योग्य ती काळजी घेणे त्यावर बंधनकारक आहे.

हा विचार एकदम रुजला असे नाही. त्यापूर्वी तीनच वर्षे, १९६४ मध्ये, मीरतच्या पोलिसांनी जप्त केलेल्या शंभर तोळ्यांहून अधिक सोन्याचा प्रश्न त्याच न्यायालयापुढे आला होता. मुद्देमाल सांभाळणारा हवालदार सोने घेऊन पाकिस्तानात पळून गेला होता. सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांच्या खंडपीठाला पोलिसांची हयगय मान्य झाली, परंतु जप्ती हे शासनाचे सार्वभौम कार्य असल्याने भरपाई देता येत नाही, असे ठरले. या स्थितीवर उपाय विधिमंडळाने कायदा करून शोधला पाहिजे, अशी अपेक्षाही त्या निर्णयात व्यक्त झाली. पुढे १९९४ मध्ये आंध्र प्रदेशातील जप्त केलेल्या खताच्या व धान्याच्या साठ्याची नासाडी झाल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शासनास जबाबदार धरले आणि लोककल्याणकारी राज्यात सार्वभौमत्वाची जुनी ढाल सर्वत्र पुढे करता येणार नाही, हे स्पष्ट केले.

खाजगी क्षेत्रातही हाच दृष्टिकोन दिसतो. दिल्लीतील एका हॉटेलच्या आवारातून ग्राहकाची मोटार चोरीस गेल्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, किल्ली स्वीकारून मोटार ताब्यात घेतल्यावर ती का परत करता आली नाही याचा खुलासा प्रथम हॉटेलनेच केला पाहिजे. ‘वाहन मालकाच्या जोखमीवर’ असे पावतीवर छापल्याने स्वतःच्या नोकरांच्या निष्काळजीपणाची जबाबदारी टळत नाही. विशेष माहितीतील गोष्ट ज्याला ठाऊक आहे त्यानेच ती शाबीत करावी, हे पुराव्याच्या कायद्याचे जुने तत्त्वही याला पूरक आहे. मोटार बंद आवारात असताना तिचे काय झाले, हे मालकाला कसे कळणार?

आवारात कुजणारी वाहने

हा प्रश्न शहरातील वाहतूक शाखेपुरता मर्यादित नाही. अपघातातील वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात राहतात. अवैध वाळू व मुरूम वाहतुकीत महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४८ खाली पकडलेले ट्रॅक्टर आणि ट्रक तहसील कार्यालयाच्या आवारात उभे असतात. दोन पावसाळे गेले की त्यांची बॅटरी, टायर, डिझेल यांचा पत्ता लागत नाही आणि पत्र्याला गंज चढतो.

२००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकाराची दखल घेऊन सांगितले की, जप्त वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात काही अर्थ नाही. सविस्तर पंचनामा करून, छायाचित्रे काढून आणि योग्य हमी घेऊन ती लवकर सोडावीत. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये याला मुदतीची जोड मिळाली आहे. न्यायालयापुढे आलेल्या मालमत्तेचे विवरण १४ दिवसांत तयार करावयाचे, तिची छायाचित्रे आणि आवश्यक तर चित्रफीत घ्यावयाची आणि विवरणानंतर ३० दिवसांत तिच्या विल्हेवाटीचा आदेश द्यावयाचा, अशी ही तरतूद आहे.

यंत्रणेने काय करावे

यासाठी मोठा खर्च लागत नाही. वाहन उचलण्यापूर्वी चारही बाजूंची आणि नंबरपाटी दिसेल अशी छायाचित्रे घ्यावीत; मनाईचा फलक आणि वाहन एकाच छायाचित्रात आले तर कारवाईचाही पुरावा मिळतो. छापील तक्त्यावर जुने पोचे व चरे, काचा, दिवे, आरसे आणि टायर यांची स्थिती नोंदवावी. वाहन उचलण्याची वेळ, जागा, टोइंगच्या गाडीचा क्रमांक आणि आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव लिहावे. कंत्राटाच्या अटींत नुकसानीची भरपाई, मजुरांचे प्रशिक्षण आणि विम्याची तरतूद स्पष्ट शब्दांत असावी. वाहन परत देताना मालकासमक्ष तोच तक्ता पुन्हा तपासून दोघांच्या सह्या घ्याव्यात. खोट्या तक्रारीपासून प्रामाणिक कर्मचाऱ्याचे रक्षण करणारे याहून चांगले साधन नाही.

तपासणीत नुकसानीचे वयही बऱ्याच अंशी ओळखता येते. ताज्या चऱ्यात उघडा पत्रा चकचकीत असतो. दमट हवेत तो थोड्याच दिवसांत तांबूस होतो. जुन्या भेगेत धूळ साचलेली असते. खुणेची उंची आकड्याच्या उंचीशी जुळते काय, तिची दिशा ओढीच्या दिशेशी मिळते काय, हे पाहिले तर पुष्कळ तंटे जागच्या जागी मिटतील.

मालकाने काय करावे

दंड भरून झाल्यावर निघण्याची घाई करू नये. आवारातच, पुरेशा उजेडात, वाहन चारही बाजूंनी व खालून पाहावे आणि छायाचित्रे घ्यावीत. नुकसान दिसल्यास ताबापावतीवर ‘हरकत राखून ताबा घेतला’ असे लिहून नुकसानीचा तपशील द्यावा. त्याच दिवशी प्रभारी अधिकाऱ्यास लेखी तक्रार देऊन तिची पोच घ्यावी आणि आवारातील व रस्त्यावरील कॅमेऱ्यांचे चित्रण जपून ठेवण्याची विनंती करावी; असे चित्रण काही काळानंतर आपोआप पुसले जाते. गिअरमधून आवाज येत असेल तर वाहन चालवू नये. दुरुस्तीचा अंदाज लेखी घ्यावा. विम्याची मागणी करावयाची असेल तर विमा कंपनीस ताबडतोब लेखी कळवावे आणि तिच्या पाहणीपूर्वी दुरुस्ती करू नये.

कंत्राटाच्या अटी आणि वाहनाची नोंद माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली मागता येते. त्यासाठी सामान्यतः ३० दिवसांची मुदत आहे. शासनाविरुद्ध दावा लावावयाचा झाल्यास दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे दोन महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. मोबदला देऊन बोलावलेल्या खाजगी टोइंग सेवेबद्दल मात्र ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ खाली जिल्हा आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. हे सर्व करताना स्वतःच्या चुकीचा दंड नाकारण्याचा प्रयत्न करू नये. दंड आणि भरपाई हे दोन निराळे हिशेब आहेत. त्यांची सरमिसळ केल्याने तक्रारीचे बळ कमी होते.

समारोप

यात्रा, आठवड्याचा बाजार किंवा निवडणुकीची सभा यांच्या निमित्ताने ग्रामपंचायतींनाही वाहने हलविण्याच्या कामी पोलिसांना साहाय्य करावे लागते. अशा वेळी मोकळी जागा नेमून देणे, तेथे रखवालीची व दिव्याची सोय करणे आणि एक नोंदवही ठेवणे, एवढे पंचायतीला सहज करता येईल. शिक्षकांना नागरिकशास्त्राच्या तासाला अधिकार आणि कर्तव्य यांचा संबंध समजावून देण्यासाठी याहून जवळचे उदाहरण मिळणार नाही.

नागरिकाने नियम मोडला म्हणून त्याच्या मालमत्तेवरील त्याचा हक्क संपत नाही आणि शासनाने ती कायद्याने ताब्यात घेतली म्हणून ती सांभाळण्याचे बंधन सैल होत नाही. वाहन उचलण्यापूर्वी पाच मिनिटे खर्च करून केलेली एक नोंद या दोन्ही गोष्टींचे रक्षण करते. प्रत्येक वाहतूक शाखेने, तहसील कार्यालयाने आणि ठाण्याने ही पाच मिनिटे आपल्या दैनंदिन कामाचा भाग केली, तर आज ज्या तक्रारींचा निवाडा होऊ शकत नाही त्यांतील बहुसंख्य तक्रारी मुळात उद्भवणारच नाहीत.